शेप्या आंबा आणि आमचे घरमालक

भाड्याच्या खोलीत राहणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, मी स्वतःही त्यातलाच. पण स्वतःच्या मालकीच्या घरात एका आंब्याच्या झाडाचा भाडेकरू म्हणून राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. धुळ्याला देवपुरात त्यांचं घर. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची. कागदोपत्री घर आबांच्या नावावर असेलही, पण त्या घराचा खरा मालक अंगणात उभा होता आणि आबा त्याच्या मर्जीने आत राहत होते. स्वयंपाकघराची मागची भिंत कमरेतून वाकल्यासारखी आत गेली होती, कारण तिथे आंब्याचं एक मूळ वर आलं होतं. पडवीच्या पत्र्याला घमेल्याएवढं भोक होतं, कारण तिथून एक फांदी जायची. पावसाळ्यात त्या भोकातून धो धो पाणी यायचं आणि आबा त्याखाली शांतपणे बादली ठेवायचे. 'पत्रा कापला तर पुन्हा मिळेल, फांदी मिळेल का?' असं ते मलाच दरडावून विचारायचे. जसा काही मी कोयता घेऊनच उभा होतो!

मी तिथे पोचलो तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. आमचं गाव नशिराबादच्या जवळ, जळगाव जिल्ह्यात. देवपुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली आणि मी आणि बायको दोन ट्रंका घेऊन खोली शोधत फिरू लागलो. बाकीच्या घरमालकांनी पगार विचारला, पाहुणे किती येतात ते विचारलं. आबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न टाकला, "सर, शेपूची भाजी खाता का?" आता शेपूचं आणि माझं लहानपणापासूनचं हाडवैर. पण पाय दुखत होते, ट्रंका जड होत्या. मी म्हणालो, "शेपू म्हणजे माझा जीव की प्राण!" खोली मिळाली. पुढची चार वर्षं आबा दर बाजाराला माझ्यासाठी प्रेमाने शेपूच्या दोन जुड्या आणत राहिले आणि मी त्या खात राहिलो. खोटं बोलण्याची इतकी हिरवीगार शिक्षा दुसऱ्या कुणाला झाली नसेल.

या प्रश्नामागचं कारण मला पहिल्या उन्हाळ्यात कळलं. तो आंबा होता शेप्या. रायवळ, चोखून खायचा, कोय मोठी, दोरे दातात अडकणारे आणि रसाला चक्क शेपूचा वास. परगावचा माणूस पहिला आंबा नाक मुरडून बाजूला ठेवायचा, दुसरा भिडेखातर चोखायचा आणि तिसऱ्यानंतर 'अजून एखादा आहे का हो?' असं विचारायचा. माझंही तसंच झालं. शेपूची भाजी मला आजही घशाखाली उतरत नाही, पण त्या आंब्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

झाडाचा इतिहास सांगणं हा आबांचा खरा उद्योग. तलाठी म्हणून नोकरी केली ती निव्वळ निवृत्त होण्यासाठी. पोस्टमन आला, इतिहास. गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला, सिलिंडर खांद्यावर तसाच, आणि इतिहास. मुख्य कथा अशी की आबांचे खापरपणजोबा बऱ्हाणपूरला एका लग्नाला गेले होते. तिथे त्यांनी हा आंबा खाल्ला आणि खाताक्षणी वेडे झाले. यजमान कोय देईना. तेव्हा यांनी ती गालात धरली आणि बैलगाडीत बसून थेट धुळ्यापर्यंत आणली. वाटेत चोर आडवे आले, त्यांनी नावगाव विचारलं, यांचं तोंड बंद. चोरांना वाटलं मुका आहे बिचारा, दिलं सोडून. ही कथा मी तीनदा ऐकली. चौथ्या खेपेला कोय पागोट्यात होती. मी भूगोलाचा मास्तर, मला राहवलं नाही. "आबा, मागच्या वेळी कोय गालात होती," मी म्हणालो. आबा जराही डगमगले नाहीत. "सर, गालात होती सावद्यापर्यंत. सावद्यापासून पुढे पागोट्यात." मी घरी जाऊन नकाशा काढला. सावदा बरोबर वाटेवर होतं! आता बोला.

झाडाचं वय मात्र पक्कं नव्हतं. मी राहायला गेलो तेव्हा ते दीडशे वर्षांचं होतं. चार वर्षांनी मी खोली सोडली तेव्हा सव्वादोनशेला टेकलं होतं. पांझरेला कधीकाळी मोठा पूर आला होता आणि पाणी कुठवर चढलं ते दाखवणारी चुन्याची रेघ बुंध्यावर होती. दर दिवाळीला आबा ती नव्याने ओढायचे आणि दर दिवाळीला पूर चार बोटं वाढायचा. मी गेलो तेव्हा तो माझ्या गुडघ्याला होता, निघालो तेव्हा कमरेला. घरातल्या लग्नांचे फोटो भिंतीवर लावलेले होते. प्रत्येक फोटोत मधोमध आंब्याचा बुंधा आणि कडेला, कापले जाता जाता वाचलेले, नवरानवरी. आबांच्या धाकट्या सुनेचा तर अर्धा मुंडावळ्यांचा गोंडाच तेवढा आला होता. तिने तक्रार केली तेव्हा आबा म्हणाले, "बाई, तू रोज दिसतेस. तो मोहोर त्या वर्षीचा होता."

आबांना दाबात ठेवणारं माणूस जगात एकच, त्यांची थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणत. आबांपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी, काटकुळी, वाकलेली, जिभेला धार. लहानपणी लग्न झालं, नवरा वर्षाच्या आत गेला आणि अक्का चौदाव्या वर्षी परत बापाच्या घरी आली ती कायमची. रोज पहाटे गल्ली जागी व्हायच्या आत ती अंगण झाडायची. खराट्याचा तो खर्र खर्र आवाज ऐकला की आम्ही कूस बदलायचो. आबांचा इतिहास चालू असला की ती पडवीतून तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "मास्तर, त्याले झाडनं वय इचारू नको. सकायले येगळं ऱ्हास, संध्याकायले येगळं." आबा मग तेवढ्यापुरते पन्नास वर्षं खाली उतरायचे.

आमच्या खानदेशात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आंबा खात नाहीत, हे काही नवीन नाही. आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, आणि आंबा ठेवायचा, चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकायचा, म्हणजे आगारी द्यायची. पितरांचं झालं की मग आपण आमरसावर तुटून पडायचं. घरोघरी हेच. पण आबांनी हा नियम सगळ्या गल्लीला लावला होता. शेप्याचा आंबा आखाजीआधी कुणाच्याही तोंडात जाता कामा नये, मग तो कुणाच्याही अंगणात पडो. कैरी चालेल. लोणचं, पन्हं, खुशाल करा. पण कैरी कुठे संपते आणि आंबा कुठे सुरू होतो? त्याचा निवाडा आबांचा अंगठा करायचा. पडलेलं फळ बायका ओच्यात घेऊन यायच्या, आबा डोळे मिटून त्यावर अंगठा दाबायचे. कडक लागलं तर "न्या, कैरी आहे." किंचित दबलं की फळ जप्त! "हा पितरांचा." समोरच्या नलूवहिनी एकदा अर्धी चिरलेली कैरी घेऊन आल्या, लोणच्याला घेतली होती आणि आतून पिवळी निघाली. आबांनी ती तशीच ठेवून घेतली आणि वहिनींकडे असं पाहिलं की त्या बिचारीने पुढे सात दिवस त्या दाराकडे पाहिलं नाही.

"सर, हे झाड दर वर्षी का धरतं माहितंय?" आबा मला विचारायचे. "बाकीचे रायवळ एक वर्ष धरतात, एक वर्ष रुसतात. याचा एकही मोहोर फुकट गेला नाही. का? कारण या झाडाचा पहिला आंबा आजवर पितरांच्या आधी कुणी खाल्ला नाही. एकदाही नाही!" इतिहासातल्या बाकी सगळ्या गोष्टी ते इकडच्या तिकडे करायचे, कोय गालातून पागोट्यात जायची, पूर चढायचा. पण एवढं एक वाक्य त्यांनी कधी बदललं नाही. तो त्यांचा खरा अभिमान होता.

आणि मग ते वर्ष आलं. पाडव्याला आबांनी नवं पंचांग उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. वैशाख अधिक! म्हणजे एक वैशाख येऊन जाणार तो फुकटचा आणि आखाजी यायची ती त्याच्या पुढच्या वैशाखात, चांगली महिनाभर उशिरा. मागे एकदा असं झालं होतं, पण त्या वर्षी मोहोरच महिनाभर उशिरा आला, आबा सुटले होते. यंदा झाड लगडलेलं होतं, आणि शेप्या तर लवकर पिकणारा. त्याला कुठलं पंचांग वाचता येतंय? आबा गुरुजींकडे गेले, आखाजी अधिकातच उरकता येईल का विचारून आले. गुरुजी म्हणाले, शास्त्रात बसत नाही. वर म्हणाले, "एवढं काय आबा, घागरीवर बाजारातला आंबा ठेवा." बाजारातला! आबा त्या गुरुजींशी दोन महिने बोलले नाहीत.

एप्रिलच्या शेवटी पाड पडायला लागले. झाडावर पिकून आपोआप गळणारा आंबा म्हणजे पाड, त्याच्या गोडीला तोड नाही. आणि ते पडत होते धप्प, धप्प. पत्र्यावर, अंगणात, नलूवहिनींच्या तुळशीत. आबांनी झाडाखाली पोती अंथरली. पडलेले आंबे ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवले, की जरा थांबतील. ते कसले थांबतात! आठ दिवसांत सगळ्या गल्लीला शेपूचा वास सुटला. माणसं कामावरून घरी येताना त्या कोपऱ्यावर उगाच सायकलची चेन बसवायला थांबायची. मी शाळेत मुलांना नाईल नदी शिकवत होतो आणि तोंडाला पाणी सुटत होतं. खायला मात्र फक्त आबांच्या गाईला परवानगी होती, कारण गाईला नियम लागू नाहीत असा निकाल आबांनी खुद्द दिला होता. ती गाय त्या पंधरा दिवसांत अशी काही माजली की धार काढताना आबांनाच ढुशा मारू लागली.

नेमकी त्याच आठवड्यात अक्का पडली. एके सकाळी खराट्याचा आवाज आला नाही. मी आणि बायको धावत गेलो तर अक्का पडवीच्या पायरीवर बसलेली, उठता येईना. खाट पडवीतच टाकली, झाडाकडे तोंड करून. डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि बाहेर येऊन आबांना म्हणाले, "वय झालंय. जे मागतील ते द्या." या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दुपारी अक्काला विचारलं, काय खावंसं वाटतं? अक्का म्हणाली, "एक पाड दे."

आबांवर तर आभाळच कोसळलं. इकडे सव्वादोनशे वर्षांचा, बरं, दीडशे म्हणा, मोडलेला नाही असा नियम, आणि तिकडे ज्या बहिणीने त्यांना कडेवर खेळवलं ती. त्यांनी पन्हं करून दिलं, अक्काने भिंतीकडे तोंड फिरवलं. मोसंबीचा रस आणला, तोही परत. आखाजीला अजून अठरा दिवस होते आणि अक्का अठरा दिवस काढेल असं तिच्याकडे पाहून वाटत नव्हतं. दोन दिवस आबा जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी पंचांग घेऊन माझ्याकडे आले. "सर, तुम्ही शिकलेले आहात. यात कुठे वाट असेल तर काढा." मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. पण मी भूगोलवाला, मला दऱ्याखोऱ्यांतल्या वाटा सांगता येतात, पंचांगातल्या नाही. आम्ही दोघं पडवीत, अक्काच्या खाटेशी बसून पानं उलटत राहिलो.

अक्का जागीच होती. "बापू," ती म्हणाली. आबांना बापू म्हणणारी तीच एक उरली होती. "बापू, ते पुस्तक ठेव. मी काय सांगस ते ऐक. हाई आंगण रोज पहाटले कोण झाडस?"

"तू झाडस, अक्का."

"मंग पहिला पाड कोणले सापडस?"

आबा तिच्याकडे बघत राहिले. मला कळलं ते त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या मांडीवरून पंचांग घसरून खाली पडलं.

"साठ वरीस," अक्का म्हणाली. "साठ वरीसपासून पहिला पाड मी खास. खराटा टेकी देस, बुंधाना मांगे बसस आणि खास. कोय पुरी टाकस."

"पितरेसना आधी?" आबा म्हणाले. "साठ वरीस? पितरेसना आधी?"

"पितर काही बोलनात का?" अक्काने विचारलं. "झाड वाळनं का? दर साल धरस ना?" मग ती थांबली, दम घेतला आणि झाडाकडे बघत अगदी हळू बोलली. "आखाजीले बठ्ठ्या, साऱ्या पोरी माहेरले येतस. झोका खेळतस, गाना म्हणतस. मी कोठेन येऊ बापू? मी ते आठेच शे, ह्याच घरमा. कोणी माले बलावाले येवाव नही, मी कोठे जावाव नही. मंग मी म्हनं, जाऊ दे, निदान पहिला आंबा ते मन्हा."

मी आबांकडे बघायची हिंमत केली नाही. मला वाटलं, आता हा माणूस रडेल किंवा ओरडेल. त्यांचा एकुलता एक न बदललेला इतिहास त्यांच्या डोळ्यांदेखत उलटा झाला होता. आबा उठले. मला वाटलं निघून चालले. ते गेले माठाकडे, तिथून परत फिरले, भिंतीला टेकवलेला आंबे उतरवायचा झेला घेतला आणि अंगणात जाऊन मान वर करून उभे राहिले. बराच वेळ फांद्या न्याहाळून त्यांनी एक आंबा उतरवला. त्यावर अंगठा दाबला, सवयीने. मग धुतला, दोन्ही तळव्यांत हलके हलके मऊ केला, देठ काढून चिकाचे दोन थेंब झटकले आणि अक्काच्या हातात दिला. आखाजीला सोळा दिवस होते आणि सगळी गल्ली आपापल्या दारातून बघत होती.

अक्काने तो चवीने चोखला. हनुवटीवरून रस ओघळला तो आबांनी आपल्या धोतराच्या सोग्याने पुसला. शेवटी कोय बाजूला ठेवून ती म्हणाली, "यंदा गोडी कमी शे."

"कमी?" आबा एकदम तलाठ्यासारखे सावरून बसले. शेप्याची बदनामी ते कुणाकडूनही ऐकून घेत नसत. "कमी कशी? झाडवरना शे!"

"तू दिधा ना हाते," अक्का म्हणाली. "चोरेल गोड लागस."

आणि मग आबा हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग नुसतंच पाणी. मीही रडलो, लपवून काय करू? नलूवहिनी तर आपल्या दारात उभ्या राहून मोठ्याने हुंदके देत होत्या, त्या जप्त कैरीचा राग विसरून.

अक्का त्यानंतर तीन दिवसांनी गेली. झोपेतच गेली, सकाळी. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी आखाजी. घरात सण असा नव्हताच, पण पितरांना काही चुकत नाही. घागरी मांडल्या, आजोबांची, आजीची, आईवडिलांची. आबा अक्काची घागर मांडायला लागले तर एक म्हातारे चुलते अडवून म्हणाले, "अरे, अक्का सासरनी शे. तिन्ही घागर तिन्हा सासरवाला भरतीन." आबांनी विचारलं, "कोणतं सासर?" चुलत्यांनाही ते आठवेना. गावाचं नावसुद्धा कुणाला नीट आठवेना. तरीही रीत ती रीत, चुलते मान हलवत राहिले. आबांनी वाद घातला नाही. त्यांनी ती नवी घागर उचलली, रांगेतून बाहेर काढली आणि अंगणात आंब्याच्या बुंध्यामागे नेऊन ठेवली. तिच्यावर ठेवायचा आंबा मात्र घागरीवर ठेवला नाही. तो मातीत ठेवला, नुकताच पडल्यासारखा. मग आम्हा सगळ्यांना, घरच्यांना, भाडेकरूंना, गल्लीतल्या जमलेल्या बायाबापड्यांना त्यांनी आत घेतलं आणि दार लावलं.

"आबा, हे काय?" मी विचारलं.

"कुणी बघत असलं तर ती कशी घेईल?" आबा म्हणाले. "तिले चोरू द्या."

आम्ही दहापंधरा माणसं त्या खोलीत, दाराला पाठ करून, गुपचूप बसलो. एरवी मला हसू आलं असतं. कुणीही हसलं नाही. बऱ्याच वेळाने आबांनी दार उघडलं आणि सगळे बुंध्यामागे गेलो. घागर होती, आंबा नव्हता. गाय तर पलीकडे दावणीला बांधलेली. मी खारीचं नाव काढणार होतो, तेवढ्यात बायकोने माझा पाय असा दाबला की शब्द घशातच राहिला.

आबा खाली वाकले, जिथे आंबा होता तिथली माती त्यांनी हाताने सारखी केली. "आखाजीले माहेरले ई गयी," ते म्हणाले. मग आमच्याकडे वळून, नेहमीच्या दरडावणीच्या आवाजात, "बघत काय बसलात? खा आता बठ्ठे!"